अळणी भाजी आणि चारशे रुपये

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला मराठी विशेष घेतलेले आम्ही सतरा जण होतो. दिवाळीच्या सुट्टीआधी मॅडमनी प्रत्येकाला शंभर पानी वही आणायला सांगितली. चार पुस्तकं वाचायची आणि प्रत्येकावर आपलं स्वतःचं लिहायचं. विषय कुटुंब आणि कुटुंबातलं बरं-वाईट. "कथानक सांगू नका, ते मला पाठ आहे. लेखकाची माहिती नको, समीक्षकांची वाक्यं नकोत. वाचताना तुम्हाला कुठं टोचलं ते लिहा आणि का टोचलं ते शोधा," एवढंच त्या म्हणाल्या. अंतर्गत गुणांपैकी दहा गुण त्या वहीला होते आणि ती ४ जानेवारीला जमा करायची होती.

पुस्तकं होती साने गुरुजींचं 'श्यामची आई', महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी', लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आणि शिरवाडकरांचं 'नटसम्राट'. यांतली दोन मी आधी वाचली होती, निदान तसं मला वाटत होतं.

पुढचं कळावं म्हणून घराविषयी थोडं सांगते. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. मी, आई आणि पप्पा तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. पप्पा एका आडत दुकानात दिवाणजी आहेत, आई अंगणवाडी सेविका. थोरले काका गावी शेती बघतात, धाकटे काका हडपसरला. माझी आजी गेल्यावर जमिनीच्या वाटण्या झाल्या आणि तेव्हापासून आजोबा, म्हणजे तात्या, पाळीनं तिन्ही मुलांकडं राहतात. जानेवारी ते एप्रिल हडपसर, मे ते ऑगस्ट गाव, सप्टेंबर ते डिसेंबर आमच्याकडं. आमच्या विहिरीवरून पाणी द्यायच्या पाळ्या आहेत, तिघांच्या तीन. तात्यांसाठीही घरात तोच शब्द वापरतात. लहानपणापासून ऐकत असल्यानं त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

'श्यामची आई' मी एका दिवसात वाचलं आणि एका रात्रीत चार पानं लिहिली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, बेचाळीस रात्रींत सांगितलेलं, संस्कारांची खाण, वात्सल्याचा सागर. शाळेत या पुस्तकावर निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं, त्यातलं बरंचसं जसंच्या तसं आलं. मॅडमनी चारही पानांवर पेन्सिलीनं एकेक तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिलं, "यात तू कुठं आहेस?"

मला रडू आलं. त्या रेघा सगळ्यांच्याच वह्यांत होत्या, तरीही. घरी येऊन पुस्तक परत काढलं. या वेळी सलग वाचायचं नाही असं ठरवलं. जिथं मन अडेल तिथं पेन्सिलीनं टिंब करायचं. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, ही गोष्ट डोळ्यांखालून सरळ गेली. ती इतक्या वेळा ऐकलेली आहे की तिला आता धारच राहिलेली नाही. पोहायला जायला नको म्हणून लपलेल्या श्यामला आई मारते, तिथं पहिलं टिंब पडलं. दुसरं पडलं अळणी भाजीवर.

तो प्रसंग अगदी साधा आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. श्यामचे वडील, ज्यांना घरात भाऊ म्हणतात, ते पहिला घास खातात आणि भाजी छान झाली म्हणतात. वडील बोलत नाहीत म्हणून मुलंही बोलत नाहीत. सगळ्यांचं झाल्यावर आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. मग ती हळहळते, कुणी सांगितलं का नाही म्हणून.

आमच्याकडं भाजीत मीठ कमी पडलं तर पप्पा ताट दोन बोटांनी पुढं सरकवतात. बोलत काही नाहीत. आई उठते, मिठाची बरणी आणते. मी ते लिहिलं, आणि लिहिता लिहिता एक निराळीच गोष्ट हाताशी आली. भाऊंचं गप्प राहणं प्रेमाचं आहे हे कबूल, पण ते आईला मात्र आवडत नाही. तिच्या वाट्याला काय येतं? शेवटचं ताट, आणि सगळ्यांनी आपल्यासाठी अळणी खाल्लं ही बोच. सांगितलं असतं तर तिनं चिमूटभर मीठ घातलं असतं आणि विषय मिटला असता. घरात कुणी गप्प बसलं की त्याची भरपाई दुसऱ्याच कुणाला तरी करावी लागते, असं मी दीड पानाच्या शेवटी लिहिलं. ते वाक्य मला फार आवडलं होतं. तेव्हा ते मी श्यामच्या घराबद्दल लिहिलं आहे अशीच माझी समजूत होती.

मॅडमनी या वेळी रेघ मारली नाही. बोच या शब्दाखाली फक्त एक अधोरेखा होती.

'वाडा चिरेबंदी' मी गावी वाचलं, थोरल्या काकांच्या घरी, दिवाळीत. हे नाटक १९८५ साली विजया मेहतांनी रंगमंचावर आणलं. धरणगावकर देशपांड्यांचा विदर्भातला वाडा, घरचा कर्ता म्हातारा गेलेला, मुंबईचा मुलगा बायकोला घेऊन आलेला, तेराव्याचा खर्च कुणी करायचा यावर धुसफुस. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर. आतल्या खोलीतली म्हातारी दादी, मुलगा गेल्याचं भान नसल्यानं त्यालाच हाक मारत राहते. ज्या घरात मी ते वाचत होते तिथं ट्रॅक्टर चालू होता आणि वाडा वगैरे कधीच नव्हता, पत्र्याचं छप्पर आणि पुढं पडवी एवढंच. तरी पानापानाला वाटत होतं, हे लोक मला ओळखीचे आहेत.

रात्री वहिनी घराण्याचे सगळे दागिने एकटीच अंगावर घालते, त्या प्रवेशापाशी मी पुस्तक मिटून पडवीत जाऊन बसले. एवढं सोनं आणि ते बघायला नवऱ्याशिवाय कुणी नाही. पण माझं मन खरं अडलं त्या घरच्या मुलीपाशी, प्रभापाशी. शिकायचं होतं, शिकू दिलं नाही, लग्नही झालं नाही, घरातच वय निघून गेलं. भावाभावांचं बोलणं चालू असताना तिची म्हणून गणती कुणी करत नाही.

मला आक्का आठवली. आक्का म्हणजे माझी आत्या, तात्यांची एकुलती एक मुलगी. मी दहावीत असताना वाटण्या झाल्या. मुलीला मुलाइतकाच हक्क देणारा कायदा २००५ सालीच झालेला, त्यामुळं आक्काच्या सहीशिवाय सात-बारा तिघांच्या नावे नीट होणार नव्हता. तिला बोलावून घेतलं आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्र करून घेतलं. आमच्याकडं ते सगळ्याच घरांत होतं. भाऊ साडी घेतात, बहीण सही करते, सगळे हॉटेलात जेवून परत येतात. आक्काला जांभळी पैठणी घेतली होती. परतीच्या जीपमध्ये मी तिच्या शेजारी बसले होते आणि पैठणीच्या पिशवीला हात लावून बघत होते.

मी सहा पानं लिहिली. पप्पांना, दोन्ही काकांना, तात्यांना, कुणालाच सोडलं नाही. प्रभा आणि आक्का या एकच आहेत, असं लिहिलं. गळ्यातला दागिना आणि पैठणी हे सारखंच आहे, असंही. लिहिताना मला फार बरं वाटत होतं, अन्याय उघडा केल्यावर वाटतं तसं. आणि मग पेन ठेवल्यावर भीती वाटली. ही वही मॅडम वाचणार. त्यांच्या ओळखीचे लोक आमच्या तालुक्यात आहेत. घरातलं बाहेर सांगू नये हे मला कुणी शिकवलेलं नाही, ते मी आईच्या दुधाबरोबर घेतलं आहे.

म्हणून आधी आक्काला विचारायचं ठरवलं. भाऊबीजेला ती आली होती. दुपारी भांडी घासायला दोघी मागं बसलो होतो तेव्हा तिला नाटकाची गोष्ट सांगितली आणि मग म्हटलं, मी तुझ्यावर लिहिलंय, वाचू का? तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि सगळं ऐकलं. मध्ये एकदाही बोलली नाही.

"लिही की," ती म्हणाली. "पर मला बिचारी करू नकोस. ती तुझी प्रभा आसंल बिचारी. मी सही करताना वाचून केली. मला दोन एकर घिऊन काय करायचं हुतं? तुझा मामा कसायला येणार हुता का हिकडं? मला माहेर पायजे हुतं. दिवाळीला यावं, चार दिस ऱ्हावं, भावजयीनं तोंड वाकडं करू नये. त्या सहीत मी त्येवढं घेतलं."

मी म्हटलं, मग वाईट काहीच वाटलं नाही?

ती थोडा वेळ तव्याची काजळी घासत बसली. "सहीचं न्हाई वाटलं. मशिनवर अंगठा दिला, फोटू काढला. तात्या समोरच बाकावर बसलं हुतं. शेवटपतूर भितीकडं बघत बसलं. एकदा माझ्याकडं बघितलं आसतं आन् म्हणलं आसतं, पोरी, तुझं हाय त्ये तू देतीयास. त्येवढंच."

पुढं मी दोन दिवस काही लिहू शकले नाही. नाटकातल्या माणसाच्या साच्यात मी माझ्या आत्याला ओतलं होतं आणि तिचं खरं दुःख त्या साच्यात मावतच नव्हतं. ज्या गोष्टीला मी अन्याय म्हणत होते ती तिनं हिशोब करून केली होती. तो हिशोब मला आजही पटत नाही. माहेरी येता यावं म्हणून बाईला आपला हक्क मोजावा लागतो, हे बरोबर आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण तिचं मत काय ते तिच्याच तोंडून यायला हवं होतं. सहा पानं फाडली. आक्काचे शब्द जसेच्या तसे लिहिले, भिंतीकडं बघण्यासकट, आणि खाली प्रभाबद्दल एक पान निराळं लिहिलं. प्रभानं सही केलेली नाही, तिला कुणी विचारलंच नाही. दोघींत केवढं अंतर आहे.

मॅडमनी या पानांखाली परत तेच लिहिलं. "तू कुठं आहेस?" मला राग आला. आक्काला विचारलं, पानं फाडली, आता अजून कुठं असायचं मी? वर्गानंतर थांबून तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "जीपमध्ये होतीस ना तू? पैठणीच्या पिशवीवर हात ठेवून?" आणि पुढच्या तासाला निघून गेल्या.

'स्मृतिचित्रे'वर मी फार लिहिलं नाही. पण माझ्या वहीचा सूर त्या पुस्तकानं बदलला, ते सांगायलाच हवं. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं असेल याची कल्पना करवत नाही. नवरा जिवंत आणि सगळ्या जगाच्या हिशोबी गेलेला. पुढं काही वर्षांनी त्यांनीही तो धर्म घेतला, तो कुणाच्या सांगण्यावरून नाही, स्वतःच्या विचारानं. हे सगळं त्या ज्या आवाजात सांगतात तो मला नवा होता. वडिलांचं पराकोटीचं सोवळं, नवऱ्याचा तापटपणा, घरातलं उचलून देऊन टाकायची त्याची सवय, काहीच झाकून ठेवत नाहीत. आणि तरी त्या माणसांवरचं प्रेम पानापानातून जाणवतं. मुख्य म्हणजे त्या स्वतःलाही सोडत नाहीत. स्वतःची शिवाशिव, स्वतःचा हट्ट, स्वतःचं अज्ञान, सगळं त्याच प्रकाशात ठेवतात.

आपल्या माणसांबद्दल लिहायची परवानगी त्यांना तिथून मिळते, असं मला वाटलं. वहीत एवढंच लिहिलं होतं, "त्या आधी स्वतःबद्दल खरं सांगतात, म्हणून बाकीच्यांबद्दलचं खरं वाटतं." मॅडमनी त्या पानावर काहीच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर बरं झालं असतं. तो कोरा समास बघून मला कळून चुकलं की पुढच्या पुस्तकात पळवाट नाही.

'नटसम्राट' मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. श्रीराम लागूंनी १९७० साली पहिल्यांदा उभे केलेले अप्पासाहेब बेलवलकर आमच्याकडं नाटक न बघितलेल्यांनाही माहीत आहेत. गणपतीत कुणी ना कुणी ते स्वगत म्हणतंच. सगळं मुलांना देऊन टाकणारा बाप, आणि मग मुलाकडून मुलीकडं, मुलीकडून रस्त्यावर. वाचायला घेतलं तेव्हा तात्या आमच्याच घरी होते, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत.

लेकीच्या, नलूच्या घरात पैसे सापडत नाहीत आणि संशय अप्पासाहेब आणि त्यांची बायको कावेरी यांच्यावर येतो. तिथं माझे हात गार पडले.

मी बारावीत होते. डिसेंबरात कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं, आमचा सहा मुलींचा नाच होता आणि पोशाख भाड्यानं आणायचे होते. प्रत्येकीचे चारशे रुपये. पप्पांनी नाचायला नाही म्हणून सांगितलं होतं, त्यामुळं पैसे मागायचा प्रश्न नव्हता. आई बायकांची भिशी गोळा करायची, ते पैसे तांदळाच्या डब्यात रुमालात बांधलेले असायचे. मी दोनशेच्या दोन नोटा काढल्या. पुढच्या आठवड्यात क्लासच्या फीमधून वाचवून परत ठेवीन असं ठरवलं होतं. भिशी उघडायची तारीख चार दिवसांवर आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आईनं पैसे मोजले, परत मोजले. मला विचारलं, मी नाही म्हटलं. पप्पांना विचारलं. मग ती बाहेरच्या खोलीच्या दारात गेली आणि हळू आवाजात, अगदी हळू, म्हणाली, "तात्या, तांदळाच्या डब्यातलं पैसं तुम्ही कशाला घेतलं होतं का?" तात्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी "आं?" केलं. तिला तो प्रश्न मोठ्यानं विचारावा लागला. शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"न्हाई गं बाई," तात्या म्हणाले आणि उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. मी स्वयंपाकघरात उभी होते. माझ्यापासून तो कट्टा दहा पावलांवर होता.

आईनं चारशे रुपये आपल्या मानधनातून भरले. विषय परत कधी निघाला नाही. मी नाचले. पैसे परत ठेवले नाहीत, कारण ठेवले असते तर कळलं असतं.

नलूवर मी तीन पानं लिहिली होती. निर्दय, कृतघ्न, असे शब्द वापरले होते. ती पानं समोर ठेवून बसले आणि दोन गोष्टी एकामागून एक कळत गेल्या. पहिली आईबद्दल. पहाटे पाचला उठून दोन घरचं काम, अंगणवाडी, सर्वेक्षणाचे कागद, त्यात चार महिने सासऱ्याचं पथ्यपाणी, आणि त्यात दुसऱ्यांच्या पैशांचा घोळ. तिनं विचारलं त्यात तिचा दुष्टपणा नव्हता. माणूस शेवटी ज्याच्याकडून उलटा प्रश्न येणार नाही अशालाच विचारतो. नलूकडं मी त्यानंतर निराळ्या नजरेनं बघितलं. ती बरोबर ठरत नाही, पण ती कुणीतरी परकी राहत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. त्या डिसेंबरापासून तात्या आमच्या स्वयंपाकघरात येत नाहीत. आधी स्वतः माठातून तांब्या भरून घ्यायचे. आता उंबऱ्यापाशी उभे राहतात आणि "पानी दे गं" म्हणतात. तीन वर्षं, दर वर्षी चार महिने, दिवसातून पाच-सहा वेळा मी त्यांना उंबऱ्यावर पाणी देत आले. म्हातारपणी चालवत नसेल, असं समजत होते. अप्पासाहेब लेकीच्या घरातून रात्रीत निघून जातात. तात्यांना कुठं जायचं होतं? तारीख ३१ डिसेंबरच होती.

नलूवरची तीन पानं काढून टाकली आणि एका बैठकीत हे सगळं लिहिलं. नोटा दोनशेच्या होत्या इथपर्यंत.

मग आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं ठेवलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाली, "मला वाटलंच होतं एकदा. पण तू नाही म्हणालीस." आणि थोड्या वेळानं, "तात्यांना आता सांगू नकोस. ते विसरले असतील. तुझ्या मनाचा भार कमी करायला त्यांना का उकरतीस?"

आईचं म्हणणं खोटं नव्हतं. रात्रभर मी त्याच्याशी भांडले. सांगून मला बरं वाटणार होतं, हे खरं. पण ते विसरले असतील हे आम्ही दोघींनी ठरवायचं कसं? उंबऱ्यावरचा तांब्या विसरलेल्या माणसाचा नसतो. भाजी अळणी होती हे त्या घरातही कुणी सांगितलं नाही, आणि आईच्या वाट्याला शेवटचं ताट आलं. मी सांगायचं ठरवलं.

हडपसरची पाळी सुरू होणार होती, तात्यांना सोडायला या वर्षी मी जाणार होते. सकाळी साताऱ्याला येऊन स्वारगेटची गाडी पकडली. त्यांचं तिकीट शून्याचं, पंचाहत्तरच्या पुढच्यांना एसटी फुकट झाल्यापासून त्यांना त्याचं फार अप्रूप आहे, ते तिकीट घडी करून कोटाच्या वरच्या खिशात ठेवतात. माझं अर्धं. गाडी भरलेली होती. वाढे फाटा गेला, पाचवड गेलं, भुईंज गेलं, आणि माझ्या लक्षात आलं की मला हे सांगताच येणार नाही. तात्यांना ऐकू जाईल असं बोलायचं तर ओरडावं लागतं. त्या भरल्या गाडीत मला ओरडून सांगावं लागलं असतं की पैसे मी चोरले होते. आईनं तो प्रश्न कसा विचारला असेल, तिच्या घशाला कसं झालं असेल, ते मला तेव्हा कळलं.

मी वही काढली, ते पान उघडलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. तात्या जुनी सातवी आहेत. चष्मा लावून, ओळीखाली बोट ठेवून वाचतात. सुरूर मागं पडलं तेव्हा त्यांचं बोट स्नेहसंमेलनावर होतं. मी खिडकीबाहेर बघत होते आणि बघत नव्हते. मग खंबाटकीचा बोगदा आला. गाडीत अंधार झाला. मी वळून बघितलं तर त्यांनी बोट उचललं नव्हतं, त्याच ओळीवर तसंच ठेवून समोर बघत बसले होते. उजेड आला तसं बोट पुढं सरकलं.

वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला नाही.

"त्या राती म्या कोट झटाकला," ते म्हणाले. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं, पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं वळून बघितलं. "तीनदा झटाकला. पिशवी उलटी केली. म्हनलं, घ्येतलं आसंल आन् इसरलो आसंल. पुन्ना पुन्ना बघत हुतो."

मला वाटलं होतं, त्यांना राग आला असेल, अपमान वाटला असेल. ते स्वतःच्याच खिशात ते पैसे शोधत असतील हे माझ्या मनाला शिवलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण लगेच त्यांना तो लागला, पान उलटायला.

पान पुढचं नाही, मागचं उलटलं. 'स्मृतिचित्रे'चं अर्धं पान त्यांनी सोडून दिलं. त्याच्या मागं आक्काचं पान होतं. मी हात पुढं केला वही घ्यायला आणि परत मागं घेतला. बोट पहिल्या ओळीखाली आलं. जांभळी पैठणी. मशिनवर अंगठा. शिरवळला गाडी थांबली, दोन माणसं उतरली, चार चढली. तात्या वाचत होते. भिंतीच्या ओळीवर बोट किती वेळ होतं ते मी मोजलं नाही. खेड शिवापूर गेलं तरी ते तिथंच होतं.

स्वारगेटला उतरताना त्यांनी वही मिटली, निळ्या पिशवीत गोळ्यांच्या डब्याखाली सारली आणि पिशवीची चेन लावली. धाकटे काका घ्यायला आले होते. त्यांच्या गाडीत बसताना तात्यांनी मला जवळ बोलावलं आणि आक्काचा फोन नंबर कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून मागितला. मी तिकिटाच्या मागं लिहून दिला. वही ४ तारखेला जमा करायची होती. ती मी मागितली नाही.